सिस्टीम बदलायच्या आधी माणसाचं काम बघा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ओळखीची माणसं मला एकच प्रश्न विचारतायत. "दुकानवाला म्हणतोय हा कॉम्प्युटर आता भंगारात घाला, नवीन घ्या. खरं काय?"

खरं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचा चांगला चालता कॉम्प्युटरही त्या यादीत बसत नाही. तो बिघडलाय म्हणून नव्हे, यादीत नाही म्हणून. घाबरून एका रात्रीत काही करायचीही गरज नाही. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट देण्याची सोय कंपनीनेच ठेवली आहे. आणि त्यानंतरही त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टीम घालून तो पुढे वापरता येतो.

पण ही पोस्ट लिनक्सच्या कौतुकाची नाही. आपल्यात जी चार पोरं-पोरी, मास्तर, दुरुस्तीवाले दुसऱ्याला लिनक्स बसवून देतात, त्यांच्याशी मला बोलायचंय. आपण उत्साहाने जातो, तासाभरात सगळं पुसून नवीन सिस्टीम घालतो, "बघा किती फास्ट झालं" म्हणतो आणि चहा पिऊन निघतो. पंधरवड्याने तोच माणूस दुकानात जाऊन विंडोज परत घालून घेतो आणि सगळ्यांना सांगतो की लिनक्स अवघड आहे. अवघड काहीच नव्हतं. त्याचं काम काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या दिवशी पेनड्राइव्ह खिशातच राहू दे. माणसाजवळ बसा आणि विचारा, आठवडाभरात या कॉम्प्युटरवर तुम्ही काय काय करता? "काय नाही, असंच" हे उत्तर सगळे देतात. त्यावर थांबू नका. डेस्कटॉपवरचे आयकॉन बघा, डाउनलोड्सचा फोल्डर उघडून दाखवायला सांगा, प्रिंटर कुठला ते बघा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. जमिनीचा उतारा कर्नाटक सरकारच्या भूमी साइटवरून काढणं, सरकारी सेवांसाठी सेवासिंधूवर अर्ज, बँक, व्हॉट्सअॅप वेब, यूट्यूब, पोराची पीडीएफ, कुणाचा तरी बायोडाटा. हे सगळं ब्राउझरमध्ये आणि ऑफिसच्या साध्या कामात बसतं. अशा माणसाला लिनक्सवर नेताना काळजी करण्यासारखं फारसं काही नाही.

आणि काही माणसांना नेऊ नये, हेही तितक्याच मोकळेपणाने सांगावं. टॅलीवर हिशेब ठेवणारा दुकानदार, डिजिटल सहीचं टोकन लावून रिटर्न भरणारे, अंगठ्याचं यंत्र जोडून सेवाकेंद्र चालवणारे, उद्यमबागेत ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढणारी पोरं. यांचं पोट त्या एका सॉफ्टवेअरवर आहे आणि ते सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलंय. जुगाड करून चालतं असं सांगणारे भेटतील. महिन्याच्या वीस तारखेला, रिटर्नच्या दिवशी, ते जुगाड बंद पडलं तर सांगणारा फोन उचलत नाही. मी स्वतः डीटीपीचं काम करते. प्रेसमधल्या मशीनवर पानं मांडायला कोरल आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी आहे, तिथे विंडोजच आहे आणि राहणार. घरच्या लॅपटॉपवर मिंट हे लिनक्स आहे. यात मला काही विसंगत वाटत नाही. ज्याला दोन्ही लागतं त्याला दोन्ही शेजारी शेजारी घालून द्यावं, कॉम्प्युटर चालू करताना कुठलं हवं ते निवडता येतं.

आता माझा सगळ्यात ठाम मुद्दा. सिस्टीम सगळ्यात शेवटी बदला, आधी प्रोग्रॅम बदला. विंडोज आहे तसंच ठेवून त्यावर लिबरऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी घालून द्या. तिन्ही फुकट आहेत आणि विंडोजवरही चालतात, लिनक्सवरही. माणसाला महिनाभर त्यावर काम करू द्या. एक्सेलच्या जागी लिबरऑफिसमधलं कॅल्क उघडायची सवय होते, जुन्या फाइली त्यात उघडतात का ते त्याच्याच डोळ्यांसमोर कळतं, कुठे तक्ता सरकला तर तेव्हाच समजतं. मग एक दिवस खालची सिस्टीम बदलली, तरी समोर तोच फायरफॉक्स, तेच कॅल्क. नवीन शिकायला उरतं फक्त मेनू कुठे आहे आणि बंद कसं करायचं. खानापूर भागातल्या एका बचत गटाच्या ताईंना मी असंच नेलं. सिस्टीम बदलल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वॉलपेपर बदलता येतो का हा. हिशेबाबद्दल प्रश्नच नव्हता, कारण हिशेब त्या महिन्याभरापूर्वीच नवीन जागी बसला होता.

मधल्या काळात पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून दाखवा. काही न पुसता, हार्ड डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टीम चालते, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. इथे दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: पेनड्राइव्हवरून ती हळू चालते, आणि त्यात केलेले बदल बंद केल्यावर राहत नाहीत. नाहीतर माणूस हळूपणा बघून तिथेच मन बनवतो. याच वेळी वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, आणि मुख्य म्हणजे प्रिंट निघते का ते बघून घ्या. एचपीचे बरेच प्रिंटर लगेच ओळखले जातात. काही जुने लेझर प्रिंटर मात्र फार त्रास देतात, आणि तसलेच आपल्याकडे गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्यांकडे दिसतात. प्रिंट निघत नसेल तर तो प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरात प्रिंटर असलेल्या माणसाला बाकी शंभर गोष्टी चालल्या आणि प्रिंट नाही निघाली, तर त्याच्या लेखी काहीच चालत नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

कुठलं लिनक्स? एकच नाव सांगा. नवशिक्यासमोर उबुंटू, फेडोरा, डेबियन, आर्च असा वाद घालणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. मी मिंट सांगते. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, पट्टी खाली, सगळं ओळखीचं. मिंट २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेते, म्हणजे तोवर मोठी उलथापालथ नाही. मिंट वेगवेगळ्या रूपांत मिळतं: रॅम चार जीबी किंवा जास्त असेल तर सिनॅमन, मशीन त्याहून अशक्त असेल तर हलकं एक्सएफसीई. आणि जमलं तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्याहून खूप वेगवान डिस्क, घालायला सांगा. "लिनक्समुळे फास्ट झालं" यातला मोठा वाटा बऱ्याचदा एसएसडीचा असतो, हे मान्य करायला काही हरकत नाही. सगळ्यात जास्त फरक पडतो तो तिथेच.

प्रत्यक्ष बसवण्याच्या दिवसाबद्दल थोडंच लिहिते, व्हिडिओ भरपूर आहेत. फोटो आणि कागदपत्रांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्यायची. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. आणि पावसाळ्यात खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय अजिबात करू नका. वीज कधी जाईल सांगता येत नाही. सगळं बसलं की मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू करून सिस्टीमचा पहिला स्नॅपशॉट घ्या. सिस्टीम बिघडली तर ती मागे नेता येते. त्यात माणसाच्या फाइली धरलेल्या नसतात, त्यांची कॉपी वेगळीच ठेवावी लागते, हे त्याला दोनदा सांगा.

आता कीबोर्ड. आपल्या भागात सगळा खेळ इथे आहे, आणि बाहेरच्या व्हिडिओंमध्ये यावर कुणी बोलत नाही, कारण त्यांना एका भाषेत भागतं. आपल्याकडे घरातलं लेखन मराठीत, वाचनालयाचा अहवाल मराठीत, गणेश मंडळाची वर्गणीची यादी मराठीत, आणि पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी आणि कन्नड दोन्ही जोडता येतात, दोन कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको.

ज्याला टायपिंग पहिल्यापासून शिकायचंय त्याला इन्स्क्रिप्टच शिकवा. त्यात भारतीय लिप्यांसाठी कळांची मांडणी एकच ठेवलेली आहे. इंग्रजी के च्या कळीवर मराठीत क येतो, कन्नड निवडलं तर त्याच कळीवर कन्नडचा क. शिफ्ट धरून एन दाबलं की मराठीत ळ, कन्नडमध्येही ळ. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. येळ्ळूरच्या एका निवृत्त गुरुजींना मी हे दाखवलं. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेला माणूस, कन्नड वाचता येतं पण टाइप कधी केलेलं नाही. मराठीत आपल्या गावाचं नाव त्यांनी सावकाश लिहिलं, मग मी भाषा बदलली आणि म्हटलं, "गुरुजी, त्याच कळा परत दाबा." तेच नाव कन्नड लिपीत उमटलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. "पोरी, म्हणजे एकदाच शिकायचं काय?" एकदाच. आता ते सोसायटीची पत्रं दोन्ही भाषांत स्वतः लिहितात.

ज्यांचा हात आधीच नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलाय, म्हणजे कन्नड माध्यमात शिकलेली आपली पोरं, त्यांना इन्स्क्रिप्टची सक्ती करू नका. कन्नड गणक परिषदेची जी मांडणी आहे, कगप म्हणतात ती, ती लिनक्समध्ये कन्नडसाठी आहेच, पण मराठीसाठीही दिलेली आहे. यादीत मराठीखाली शोधा. बेळगावच्या पोरांना याहून सोयीचं काय असणार? हे दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या फाइलींचं मात्र नीट समजावून सांगा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये किंवा जुन्या नुडीत टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तसाच दिसणारा, नसतो. नवीन कॉम्प्युटरवर उघडला की चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि माणसाला वाटतं फाइल गेली. फाइल कुठेही गेलेली नसते. तो फॉन्ट लिनक्समध्ये घातला की वाचता येते. पुढचं लेखन युनिकोडमध्ये करायचं आणि जुन्यातलं जे खरोखर लागतं तेवढं रूपांतर करून घ्यायचं. ही भीती आधी काढली नाही तर पहिल्याच आठवड्यात फोन येतो, आणि फोनवर माणूस रडकुंडीला आलेला असतो.

शिकवताना एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय. माउसला हात लावायचा नाही. सायकल शिकवणारा मागून सीट धरतो, हँडल धरत नाही, तसं. समोरचा चुकीच्या ठिकाणी क्लिक करेल, वेळ लागेल, आपला हात शिवशिवेल, तरी तोंडाने सांगायचं. आपण खटाखट करून दाखवलं तर त्याला एवढंच कळतं की हे आपल्याला येणारं काम नव्हे. टर्मिनल तर पहिले काही महिने उघडूच नका. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघितली की पन्नाशीतली काकी खुर्ची मागे घेते. अपडेट, नवीन प्रोग्रॅम, प्रिंटर, मिंटमध्ये हे सगळं माउसने होतं. आणि विंडोजला शिव्या घालू नका. त्या माणसाने दहा वर्षं त्यावर काम केलंय, त्याच्या पोरांचे फोटो त्यावर आहेत. त्याला हिणवल्यासारखं वाटतं.

बसवून दिल्यावर काय, याचं उत्तर नसेल तर बसवूच नका. पहिले दोन आठवडे प्रश्न येतात, नंतर आपोआप कमी होतात. त्या दोन आठवड्यांत फोन उचलणारं कुणीतरी हवं, आणि ते मराठीत बोलणारं हवं. केरळात सरकारी शाळांमध्ये गेली कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकवतात, काईट ही तिथली सरकारी संस्था मल्याळमसह सगळं तयार करून देते, शिक्षकांना प्रशिक्षण देते. तिथल्या पोराला अडलं तर शेजारच्या वर्गातले मास्तर सांगतात. आपल्याकडे तसं कुणी देणार म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा गावोगावच्या वाचनालयांनी रविवारी सकाळी दोन तास एक टेबल आणि एक प्लग द्यावा, एवढं माझं मागणं आहे. आपल्या भागात मराठी वाचनालयं खूप आहेत, आणि कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी पोरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना शिकवता शिकवता मराठी-कन्नड दोन्ही टायपिंग येईल, हा त्यांचाही फायदा.

कुणाच्या गावच्या वाचनालयात असं टेबल लावायची तयारी असेल तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. आणि ज्यांना कॉम्प्युटर बदलायचाय त्यांनी आधी तीन गोष्टी लिहा: रॅम किती, प्रिंटर कुठला, आणि आठवड्यात त्यावर काय काम करता.