नियम कुणासाठी फिरला? : 'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ते,

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या ओहायो स्टेट या विद्यापीठ संघाच्या 2020च्या कोरोनाकाळातल्या हंगामावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "पाच सामने खेळलेल्या संघाला लीगच्या अंतिम सामन्यात बसवण्यासाठी त्यांच्या बिग टेन लीगने किमान सहा सामन्यांचा नियम ऐनवेळी फिरवला. नऊपैकी नऊ जिंकलेलं दुसऱ्या लीगमधलं सिनसिनाटी राष्ट्रीय उपांत्य फेरीबाहेर राहिलं. चाचण्यांचं नाटक, पाच सामन्यांचा फुगा. पोरांना पगार नव्हता, पैसा टीव्हीचा, आणि धोका पोरांचा. पण भक्तांना यातलं काही दिसत नाही."

मतभेदाला ना नाही. पण ज्याला प्रश्न विचारायचा त्यालाच आधी 'भक्त' म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? मी नावानिशी लिहितो, तुम्ही टोपणनावाआडून. एवढा फरक असताना आवाज थोडा खालचा ठेवला असता तर बिघडलं नसतं. असो.

'ऐनवेळी नियम फिरवला.' या एका वाक्यावर बोलू, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

लंबगोल चेंडूच्या या खेळात संघ आठवड्यातून एकच सामना खेळतो. अंगावर येणारा मार बघता त्याहून जास्त शक्य नाही. बिग टेनने कोरोनामुळे 11 ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला आणि 16 सप्टेंबरला शब्द फिरवून खेळायचं ठरवलं. मग 24 ऑक्टोबरचा शनिवार ते 12 डिसेंबरचा शनिवार, असे आठ आठवडे आणि आठ सामने बसवले. मध्ये एकही मोकळा आठवडा नाही. 19 डिसेंबरला लीगचा अंतिम सामना, 20 तारखेला राष्ट्रीय उपांत्य फेरीचे चार संघ जाहीर. म्हणजे रद्द झालेला सामना गेला तो गेलाच.

दक्षिणेतल्या एसईसी लीगने काय केलं ते बघा. 26 सप्टेंबरला सुरुवात, दहा सामने, आणि 12 डिसेंबरचा शनिवार मुद्दाम राखून ठेवलेला. त्यांच्यातल्या अलाबामाचा एलएसयू (लुइझियाना स्टेट) संघाविरुद्धचा सामना 14 नोव्हेंबरला होऊ शकला नाही, तर तो 5 डिसेंबरला घेतला आणि 5 डिसेंबरचा आर्कान्सासचा सामना 12ला सरकवला. दहाचे दहा पूर्ण! बिग टेनमध्ये सरकवायला जागाच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हे वेळापत्रक ओहायो स्टेटने मागून घेतलेलं नव्हतं. ऑगस्टमधलं मतदान 11 विरुद्ध 3 झालं होतं. खेळू द्या म्हणणारे तिघे म्हणजे आयोवा, नेब्रास्का आणि ओहायो स्टेट. ज्यांनी उशिराला विरोध केला, त्यांच्यावरच उशिराचा फायदा उपटल्याचा आरोप तुम्ही ठेवताय.

आता रद्द झालेले तीन सामने. 14 नोव्हेंबरचा मेरीलँडमुळे गेला, 12 डिसेंबरचा मिशिगनमुळे. दोन्हीकडे लागण समोरच्या संघात होती. 28 नोव्हेंबरचा इलिनॉयचा मात्र ओहायो स्टेटने स्वतः रद्द केला. प्रशिक्षक रायन डे यांचीच चाचणी पॉझिटिव्ह आली होती. पुढच्या शनिवारी तेवीस खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक नसताना हा संघ मिशिगन स्टेटच्या मैदानावर गेला आणि 52-12 जिंकून आला. लपूनच बसायचं असतं तर त्या दिवशी बसले असते.

अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामन्यांची अट होती. ती मिशिगनचा सामना रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, 9 डिसेंबरला काढली, हे खरं. पण अट कशासाठी होती? एखादा संघ दोन-तीन सोपे सामने जिंकून, उरलेले टाळून वर येऊ नये म्हणून. इथे प्रश्न होता अंतिम सामन्यात ओहायो स्टेट जाणार की इंडियाना, आणि ते दोघे 21 नोव्हेंबरला मैदानावर भेटले होते. ओहायो स्टेट 42, इंडियाना 35. निकाल लागलेला असताना आकड्याच्या अटीवर हरलेल्याला पुढे पाठवणं हा तुमचा न्याय असेल, तर नमस्कार.

एक गोष्ट मान्य करतो. डिसेंबरच्या मध्याला खेळाडूच्या सक्तीच्या विश्रांतीचे दिवस 21वरून 17 केले, ती वेळ डोळ्यांत खुपते. 2 डिसेंबरला पॉझिटिव्ह आलेला खेळाडू जुन्या हिशेबाने 23 तारखेला परतला असता, नव्या हिशेबाने नेमका 19ला, अंतिम सामन्याच्या दिवशी. पण 17 दिवससुद्धा एसईसीच्या दहा दिवसांपेक्षा कडकच होते, हेही मग लिहा.

'चाचण्यांचं नाटक' हा तुमचा शब्द मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला असा आहे. त्या हिवाळ्यात मी ओहायोतल्या एका प्रयोगशाळेत हेच काम करत होतो, त्यामुळे हे तरी मला शिकवू नका. रोज सरावाआधी नाकातला नमुना, पंधरा-वीस मिनिटांत अँटिजेनचा निकाल. खेळाडू, प्रशिक्षक, कर्मचारी धरून 170 माणसं समजा. चाचणीने निरोगी माणसांपैकी हजारात पाच चुकीचे पकडले, तरी रोज जवळपास एक जण उगाच पॉझिटिव्ह येणार. म्हणून लगेच पीसीआर. त्यातही पॉझिटिव्ह आला की विलगीकरण, मग रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन), ईसीजी, इकोकार्डिओग्राम आणि हृदयाचा एमआरआय. हृदयाच्या स्नायूला सूज असताना पूर्ण जोराने धावलं तर माणूस मैदानात कोसळू शकतो, आणि ही सूज बाहेरून दिसत नाही. वेळ याच्यात जात होता.

संघ कधी थांबवायचा हेही कुणाच्या लहरीवर नव्हतं. सात दिवसांच्या सरासरीत चाचण्यांपैकी 5 टक्क्यांहून जास्त आणि माणसांपैकी 7.5 टक्क्यांहून जास्त पॉझिटिव्ह, असे दोन्ही आकडे लाल झाले की किमान सात दिवस सराव बंद. आपल्या 170 माणसांत यातल्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ आठवड्यात तेरा जण. तिथपर्यंत पोचायला वसतिगृहातली एक खोली आणि एक बंदिस्त मीटिंग पुरते.

सिनसिनाटीचं गाऱ्हाणं ते चार संघ निवडणाऱ्या समितीकडे न्या. ती लीगची नव्हे. पगाराचा विषय मोठा आहे आणि तो महामारीच्या आधीपासूनचा आहे, इथे ओढून आणायचं कारण नाही. आणि 'पाच सामन्यांचा फुगा' म्हणालात, त्या फुग्याने लीगच्या अंतिम सामन्यात नॉर्थवेस्टर्नला 22-10 आणि 1 जानेवारीला राष्ट्रीय उपांत्य फेरीत क्लेमसनला 49-28 हरवलं. पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाने 52-24 धुतलं, तेही निर्विवाद. त्या वर्षीच्या अलाबामाने कुणालाही धुतलं असतं.

पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच सांगा: 12 डिसेंबरचा मिशिगनचा सामना तुम्ही कोणत्या तारखेला घेतला असता? तारीख सांगा, विशेषणं नकोत.