व्ही-२ म्हणजे गॉडार्डची चोरी? जरा थांबा

सध्या फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडार्डची पेटंटं वाचून नाझींनी व्ही-२ हे दुसऱ्या महायुद्धातलं रॉकेट जसंच्या तसं उचललं, गॉडार्डला हयातीत दमडी मिळाली नाही, आणि १९६० मध्ये १० लाख डॉलर देऊन अमेरिकेने ही चोरी मान्य केली.

दमडीचं आधी उरकू. १९१७ साली स्मिथसोनियन या अमेरिकी विज्ञानसंस्थेने त्याला ५,००० डॉलर मंजूर केले. १९३० मध्ये प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गने शब्द टाकला आणि धनाढ्य उद्योगपती डॅनियल गुगेनहाइमने चार वर्षांसाठी १ लाख डॉलर कबूल केले, तेही ऐन मंदीत! सरकार उदासीन होतं, एवढं मात्र खरं.

आता नक्कल. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी, नातलगाच्या शेतात, जगातलं पहिलं द्रव इंधनाचं रॉकेट उडालं. त्याचा फोटो नीट पाहा. मोटर (म्हणजे इंजिन) वर, टाक्या खाली, मधे नुसत्या नळ्या. वरून ओढलं की रॉकेट सरळ जाईल, असा गॉडार्डचा समज होता. तो चुकीचा निघाला. पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर ते अडीच सेकंदांत ४१ फूट चढलं आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात कोसळलं. व्ही-२ची मोटर शेपटाला, इंधन पाणी मिसळलेलं अल्कोहोल, रेटा सुमारे २५ टन. ही जशीच्या तशी नक्कल कशी?

शिवाय या उड्डाणाचा तपशील गॉडार्डने १९३६ पर्यंत छापलाच नाही. त्याचा आधीचा गाजलेला प्रबंध मुख्यतः बंदुकीच्या दारूसारख्या घन इंधनाच्या रॉकेटांवर होता. तो जर्मन रॉकेट-अभ्यासक ओबर्थने १९२२ मध्ये पत्र लिहून मागवला होता आणि १९१४ची पेटंटंही खुली होती. म्हणजे जर्मनांना गॉडार्ड ठाऊकच नव्हता, असंही नाही. पण जर्मनीतल्या विंकलरने १९३१ मध्ये मिथेनवर रॉकेट उडवलं, १९३३ मध्ये मॉस्कोजवळ नाखाबिनोला रशियनांनी आपलं उडवलं. हे सगळे गॉडार्डचे चोर म्हणायचे का?

मग जायरोस्कोप (दिशा धरून ठेवणारी फिरती चकती) आणि झोतातली वल्ही (मोटरच्या झोतात बसवलेली, तो वळवणारी पाती) गॉडार्ड आणि व्ही-२ दोघांकडे कशी? उड्डाणाच्या क्षणी रॉकेटचा वेग जवळजवळ शून्य असतो. हवा लागत नाही, तेव्हा बाहेरचे पंख निकामी. जोर असतो तो फक्त मोटरच्या झोतात. दिशा सांभाळायची तर त्यातच काहीतरी खुपसावं लागतं, हे बर्लिनमध्येही सुचतं आणि गॉडार्ड जिथे प्रयोग करायचा त्या रॉसवेलमध्येही. गॉडार्डने अशी वल्ही १९३२ मध्येच वापरली होती, त्यामुळे १९४५ मध्ये पकडून आणलेल्या व्ही-२चे भाग पाहिल्यावर त्याला संशय आला, यात नवल नाही. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

राहिले ते १० लाख डॉलर. ते एस्थर गॉडार्ड आणि गुगेनहाइम प्रतिष्ठानला मिळाले. पण ते जर्मनांच्या नावावर नव्हतेच: गॉडार्डची २००हून अधिक पेटंटं खुद्द अमेरिकी सरकारने आपल्या रॉकेटांत वापरली, त्याचा तो मोबदला होता.