मे महिन्यात शेतात काय दिसणार?

आंतरराष्ट्रीय शेती आणि विकासाच्या क्षेत्रात जायचं म्हणून मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलांना फील्डवर्कला कधी पाठवलं जातं? बहुतेकदा परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात, पंधरा दिवस. तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडला शेतं मोकळी असतात, राब (रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन) भाजून झालेले असतात. मुलं प्रश्नावल्या भरून परततात, उभं पीक न बघता. हे बदलायलाच हवं.

त्याच पंधरा दिवसांचे चार तुकडे करा: जूनमध्ये भाताची रोपं, जुलैत लावणी, सप्टेंबरमध्ये निसवणी (लोंब्या बाहेर पडणं) आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी. वेळापत्रक आडवं येतं हे खरं, पण शनिवार-रविवार जोडून जमतं.

कापणीच्या फेरीत पीक कापणी प्रयोग, म्हणजे ठरलेल्या मापाचा तुकडा कापून, वजन करून हेक्टरी उत्पादन काढणं, मुलांनी स्वतःच्या हातांनी करावा. भाताचा प्लॉट १० बाय ५ मीटर. चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि कर्ण मोजायचा. तो ११.१८ मीटर भरला तरच कोपरे काटकोनात आहेत. प्लॉटची जागा रँडम आकड्यांनीच ठरवायची, नाहीतर पाय आपसूक चांगल्या पिकाकडे वळतात आणि उतारा फुगतो. ५० चौरस मीटरमधून २० किलो भात निघाला की मुलं लगेच हेक्टरी ४० क्विंटल लिहून मोकळी होतात. ओलावा मोजलाच जात नाही. तो २० टक्के असेल, तर १४ टक्के या प्रमाण ओलाव्याच्या हिशोबाने जेमतेम ३७ क्विंटल उरतात.

सर्वेक्षणातही तेच. "किती पिकलं?" "बारा पोती." पोतं किती किलोचं? आत भात की तांदूळ? केनियात मक्याचं पोतं ९० किलोचं धरतात, आपल्याकडचा हिशोब तिथे चालत नाही. विचारणाऱ्याने मनातल्या मनात किलो केले की चूक कायमची आत शिरते, नंतर सापडतही नाही. फॉर्ममध्ये आकडा आणि माप वेगळ्या रकान्यांत घ्या आणि गावातली दोन-तीन भरलेली पोती काट्यावर ठेवून बघा.

आणि भाषा. भारताने २०१६ मध्ये मोझांबिकशी तुरीच्या आयातीचा करार केला. तिथला सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो. सेनेगल, बेनिनला जायचं तर फ्रेंच हवी. पहिल्या सेमिस्टरपासून आठवड्याला चार-पाच तास दिले, तर दोन वर्षांत कामापुरतं बोलता येतं. शेवटच्या सहा महिन्यांत नाही येत.

नोकरीच्या अर्जात 'ग्रामीण भागाचा अनुभव' असं मोघम लिहू नका. किती प्लॉट कापले, ओलावा कशाने मोजला, कुठला आकडा चुकला आणि तो कसा पकडला, ते लिहा.