शिफारशींची उगवण कोण मोजणार?

दरवर्षी उन्हाळा संपता संपता आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी येते, जॉईंट ॲग्रेस्को झाली. म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ एकत्र बसले आणि इतके नवे वाण, इतकी औजारं, इतक्या शिफारशी मंजूर झाल्या. बातमी पडली की अर्ध्या तासात भांडण सुरू. चुलतभाऊ म्हणतो कशाला पोसायची ही विद्यापीठं, बियाणं कंपन्या देतात, औषध दुकानदार देतो, आमच्या बांधावर दहा वर्षांत एक शास्त्रज्ञ आलेला आठवत नाही. मामा आयुष्यभर विद्यापीठात नोकरी करून रिटायर झालेत, त्यांना ते मनाला लागतं, मग त्यांचा लांबलचक मेसेज येतो. आणि शेवटी कुणीतरी मला टॅग करतं, ताई तू सांग, तुमच्याकडं नेदरलँड्सच्या वागेनिंगन शेती विद्यापीठात कसंय ते.

मी दरवेळी टाळते कारण दोन ओळीत सांगण्यासारखं ते नाहीच. आज नीट लिहिते.

मी परभणीचीच, बीएस्सी ॲग्री पण तिथंच केलं, आणि आता नऊ वर्षं झाली नेदरलँड्सला आहे. एडेला राहते, वागेनिंगन सायकलने अर्ध्या तासावर. एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याची उगवण तपासणं हे माझं काम. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, ठरलेल्या तापमानात ठेवायचे, ठरलेल्या दिवशी मोजायचे, किती उगवले, किती वाकडे उगवले, किती मेले. दिवसभर मोजणंच चालू असतं, त्यामुळे कुणी नुसता आकडा सांगितला की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे यातले उगवले किती?

वागेनिंगनचं कौतुक खोटं नाहीये. १८७६ ला तिथं शेतकी शाळा निघाली, १९१८ ला तिला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला आणि आज शेतीच्या विद्यापीठांच्या यादीत ते वर्षानुवर्षं पहिलं असतं. कॅम्पसमधून सायकल चालवत गेलं की ग्रीनहाऊसच्या रांगा दिसतात, आत कॅमेरे एकेका रोपाचं पान कसं वाढतंय ते टिपत असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला परभणीतलं आमचं प्रॅक्टिकल आठवलं, उन्हात पट्टी घेऊन ज्वारीच्या ताटांची उंची मोजायचो आम्ही, आणि खरं सांगते, वाईट वाटलं होतं. पण तुलना करताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा अख्खा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा, आणि इथं शेती करणारी युनिट साधारण ५० हजार. आपल्याकडं महाराष्ट्रात खातेदार दीड कोटीच्या वर, सरासरी जमीन सव्वातीन एकर. इथल्या विद्यापीठाला ५० हजारांपर्यंत पोचायचंय, आपल्याला दीड कोटींपर्यंत. तेव्हा वागेनिंगन उचलून परभणीला ठेवा असं जे म्हणतात त्यांनी आधी हा गुणाकार करून बघावा.

आणि आपल्या विद्यापीठांनी काहीच केलं नाही हे तर मला अजिबात पटत नाही. डाळिंबाचा भगवा राहुरीचा. आंब्यातला रत्ना दापोली विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राचा, नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला. कापसाचा एनएचएच ४४ नांदेडच्या केंद्राचा, बीटी यायच्या आधी मराठवाड्यात कुणाच्याही बापाला विचारा. आणि आमची परभणी क्रांती भेंडी. आईच्या परसात तीच असायची, पण ती आपल्या घरापासून चार किलोमीटरवर जन्मली हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. भेंडीवर हळद्या यायचा, पानाच्या शिरा पिवळ्या पडायच्या आणि बघता बघता अख्खा प्लॉट जायचा. डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी भेंडीच्या एका जंगली नातेवाइकाचा पुसा सावनी या भेंडीच्या वाणाशी संकर केला, पुन्हा पुन्हा केला, आणि १९८०च्या दशकात हळद्याला दाद न देणारी भेंडी शेतकऱ्याच्या हातात दिली. ती पुढं देशभर गेली.

पण मग काय झालं? काही वर्षांनी तिच्यावरही हळद्या दिसायला लागला. यात त्या शास्त्रज्ञांची काही चूक नाही, रोग बदलत राहतो, तो थांबत नाही, म्हणून पैदासकाराला, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्यालाही थांबता येत नाही. इथं बटाट्याच्या करप्याचं तेच चाललंय. वागेनिंगनने २००६ ते २०१५ अशी सलग दहा वर्षं एकच प्रकल्प चालवला, जंगली बटाट्यातले करपा सहन करणारे जनुक आपल्या नेहमीच्या बटाट्यात आणायचे म्हणून. दहा वर्षं, तीच टीम, तोच प्रश्न. युरोपातल्या जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या पिकांच्या कायद्यामुळे तो बटाटा शेतकऱ्याच्या शेतात काही आला नाही, तरी काम कुणी फुकट गेलं म्हणत नाही, कारण माहिती राहिली आणि माणसं तयार झाली. आपल्याकडं पैदासकार रिटायर झाला की त्याची जागा भरायला किती वर्षं जातात, विचारा मामांना. तोवर त्याच्या कपाटातल्या लाईन्स, म्हणजे नव्या वाणांसाठी जपलेली बियाणी, दरवर्षी कोण लावणार, कोण बघणार? चारही विद्यापीठांत रिक्त पदांची ओरड मी शिकत होते तेव्हाही होती आणि आजही आहे. नवी इमारत झाली की फोटो येतो, रिकाम्या खुर्चीचा फोटो कुणी काढत नाही.

आता चुलतभावाच्या मुद्द्यावर येते, बांधावर कुणी येत नाही. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि मला वाटतं सगळं दुखणं इथंच आहे.

डच शेती मोठी झाली कशी हे इथल्या म्हाताऱ्या लोकांना विचारलं तर ते लॅबचं नाव घेत नाहीत. ते म्हणतात संशोधन, विस्तार (म्हणजे ते संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवणं) आणि शिक्षण हे तीन पाय होते आणि तिन्ही सरकारने सांभाळले. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी विस्तार अधिकारी घरी यायचा, किचनच्या टेबलावर कॉफी घेत बसायचा, गोठा बघायचा, हिशोबाची वही बघायचा, आणि त्याला काही विकायचं नसायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. १९९०च्या दशकात सरकारने ही सेवा खासगी करून टाकली. आम्ही ज्यांच्याकडून दूध आणतो त्या बाई एकदा म्हणाल्या, आता आमच्याकडं फुकट येतो तो खाद्य कंपनीचा माणूस, तो चांगला आहे, हुशार आहे, पण शेवटी जास्त खाद्य विकलं गेलं तरच त्याचं भागतं. मी ऐकत होते आणि मला आमच्या गावातलं कृषी सेवा केंद्र दिसत होतं. काउंटरवर पिकाचं रोगट पान घेऊन उभा राहिलेला शेतकरी, आणि पान न उलटता खाली ठेवलेल्या तीन बाटल्या.

२०१९ ला इथं शेतीतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणाचा वाद पेटला. कोर्टाच्या निकालाने परवानग्या अडकल्या, ऑक्टोबरमध्ये हजारो ट्रॅक्टर हेगला, जिथं सरकार बसतं तिथं, गेले, आणि प्रदूषण मोजणाऱ्या सरकारी संस्थेच्या दारातही शेतकरी जाऊन उभे राहिले, तुमची मोजणीच आम्हाला मान्य नाही म्हणून. जगातलं एक नंबरचं शेती विद्यापीठ ज्या देशात आहे तिथं शेतकरी शास्त्रज्ञाचा आकडा मानायला तयार नाही. मला यामागं ते किचनचं टेबल रिकामं झालेलं दिसतं. ज्याला आपण ओळखतो, ज्याने आपला गोठा बघितलाय, त्याने कडू आकडा सांगितला तर माणूस ऐकतो तरी.

आता आमच्या घरचंच सांगते. २०२० च्या खरिपात अप्पांनी सोयाबीन पेरलं, पिशवीतलं, पावतीसकट. चार एकरात ओळच दिसेना. आठव्या दिवशी उकरून बघितलं तर दाणा फुगून कुजलेला. त्या वर्षी महाराष्ट्रभर तेच झालं होतं, कारण आदल्या वर्षी ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस बसला, भिजलेल्या सोयाबीनचंच बियाणं झालं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं, भिजलं, मळणीयंत्रात जोरात आपटलं, पोतं उंचावरून टाकलं तरी आतला अंकुर मरतो आणि वरून दाणा चांगला दिसतो. तक्रार केली, पंचनामा झाला, हातात काही आलं नाही. दुबार पेरणी केली ती उसनवारीने. मी इथं युरोपियन शेतकऱ्याच्या बियाण्याची उगवण टक्क्यात मोजत होते आणि माझ्या बापाच्या बियाण्याची कुणी मोजली नव्हती. ते वर्ष माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात गावात विद्यापीठाचे एक सर आले. पारावर बसले, एक गोणपाट मागवलं, ओलं केलं, त्यावर दहा दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, गुंडाळी केली, सुतळीने बांधली आणि सावलीत ठेवायला सांगितली, रोज पाणी शिंपडा म्हणाले. आठवड्याने उघडून मोजायचं, ७० च्या वर उगवले तर बिनधास्त पेरा, थोडे कमी असतील तर बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पेरूच नका. आणि साधं पेरण्यापेक्षा रुंद वरंबा सरीवर पेरा, पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं आणि खंड पडला तर ओल टिकते. कृषी विभागानेही तेव्हा घरचं बियाणं आणि उगवण चाचणीची मोहीम जोरात घेतली होती. अप्पा तेव्हापासून दरवर्षी गुंडाळी बांधतात. ही काही नवी शिफारस नव्हती बरं का, मी ती सेकंड इयरला परीक्षेत लिहून आले होते. ती कागदावर उगवली होती, आमच्या शेतात पोचायला एक माणूस पारावर येऊन बसावा लागला.

म्हणून नव्या योजना वाचल्या की मला आनंद होतो आणि लगेच काळजीही वाटते. जागतिक बँकेच्या मदतीतून परभणीला ड्रोन आणि रोबोटचं डिजिटल शेती केंद्र आलं, राहुरीला हवामान अद्ययावत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं आलं, २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण आणलं, ५०० कोटींचं. येऊ द्या, आपली पोरं ड्रोन उडवायला शिकलीच पाहिजेत. पण एआयने मोबाईलवर सांगितलेला सल्ला चुकला तर शेतकऱ्याने कुणाला फोन करायचा, हे त्या धोरणासोबतच ठरायला हवं. २०२२ ला सुरू झालेला 'माझा एक दिवस माझ्या बळीराजासाठी' हा उपक्रम मला यापेक्षा जवळचा वाटतो, अधिकारी आणि शास्त्रज्ञ एक दिवस शेतकऱ्यासोबत घालवतात. फक्त एका दिवसात ओळख होत नाही. त्याच गावात तोच माणूस पेरणीला आला, फुलोऱ्यात आला, काढणीला आला, असं तीन वर्षं झालं तर होते.

दुसरं म्हणजे परभणी शक्ती. २०१८ ला आलेली ज्वारी, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत केलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली, बायकांच्या रक्त कमी असल्याच्या तक्रारी बघता केवढं मोठं काम. पण मोंढ्यात आडत्या मूठभर ज्वारी हातावर घेतो, रंग बघतो, दाण्याची चमक बघतो आणि भाव बोलतो. लोह तिथं कोण मोजतं? शेतकऱ्याने ती का पेरावी? शाळेच्या पोषण आहारात, अंगणवाडीत हीच ज्वारी घ्यायची, थोडा जास्त भाव देऊन, असं ठरवलं तर त्या संशोधनाचं चीज होईल, आणि ते विद्यापीठाच्या हातात नाही, सरकारच्या आहे.

तर चुलतभावाला माझं सांगणं, विद्यापीठं बंद करून तुझ्या बांधावर जो येईल तो काहीतरी विकायलाच येईल, इथं ते होऊन बसलंय. आणि मामांना सांगणं, मंजूर झालेल्या शिफारशींची यादी आता पुरे. पाच वर्षांपूर्वीची एक एक शिफारस घ्या, किती गावांत पोचली, किती एकरात टिकली, का टिकली नाही, हे पुढच्या ॲग्रेस्कोत मांडा. ज्या शास्त्रज्ञाचा वाण शेतात दिसतो त्याला बढतीत मार्क द्या, पेपर मोजता तसेच. आणि पैदासकार बियाणं, म्हणजे ज्यापासून पुढचं सगळं बियाणं तयार होतं ते मूळ बियाणं, वाढवा. १७ सप्टेंबरला परभणीला रब्बी मेळाव्यात बियाणं विक्री सुरू होते तेव्हा लागलेली रांग मी विद्यार्थिनी असताना बघितलीय, लोक जालन्या-बीडवरून पहाटेच्या एसटीने आलेले, भाकरी बांधून, हरभऱ्याच्या एका पिशवीसाठी. ज्यांना विद्यापीठ नको असतं ते असे रांगेत उभे राहत नाहीत. दुपारी खिडकी बंद झाली तेव्हा माझ्यापुढं उभे असलेले एक आजोबा रिकामी पिशवी घडी घालून परत खिशात ठेवत होते.

यंदा अप्पांनी मृगाच्या आधी गुंडाळी उघडून व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल गोणपाटावर धरला होता, हलत होता, आणि ते मोठ्याने मोजत होते, मी इकडून मोजत होते. त्यांचे ८१ झाले, माझे ७९. दोन दाणे मी वाकडे म्हणून धरले नव्हते. ते म्हणाले वाकडे असू दे, मातीत सरळ होतील. मी म्हटलं नाही अप्पा, ७९ धरा, आणि एकरी किलोभर बियाणं जास्त टाका.