राज्यपालांची स्थगिती आणि फायलीची स्थगिती

फाशीची शिक्षा राज्यपाल लांबणीवर टाकू शकतात, असे कोणी सांगितले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘मग न्यायालये हवीत कशाला?’ माझी तक्रार नेमकी उलटी आहे. राज्यपालांनी फाशी जरूर लांबवावी, परंतु कारण लिहून आणि खाली सही करून लांबवावी. महाराष्ट्रात मात्र असे घडले आहे की राज्यपालांनी दयेचा अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनीही फेटाळला, आणि कोणीही तसे ठरवलेले नसताना फाशी वर्षानुवर्षे लांबत गेली.

अधिकाराविषयी मुळात फारसा वाद नाही. घटनेच्या 161व्या अनुच्छेदाने राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा, तहकूब करण्याचा, कमी करण्याचा अधिकार दिला आहे, आणि फाशीच्या बाबतीत राष्ट्रपतींचा अधिकार सांगणाऱ्या 72व्या अनुच्छेदानेही फाशी निलंबित करण्याचा किंवा सौम्य करण्याचा राज्यपालांचा अधिकार अबाधित ठेवला आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयातल्या मारू राम खटल्यापासून (1980) हेही स्पष्ट आहे की राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. म्हणजे नाव राजभवनाचे असले तरी कागद फिरतो तो मुख्यतः मंत्रालयात, गृह विभागाच्या टेबलांवरून.

पुण्याचे प्रकरण बघा. नोव्हेंबर 2007 मध्ये रात्रपाळीसाठी निघालेल्या बीपीओतील तरुणीवर, तिला कामावर न्यायला आलेल्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये दोघांची फाशी कायम केली. जुलैमध्ये राज्यपालांकडे अर्ज गेला, तो मार्च 2016 मध्ये फेटाळला गेला. राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये नकार दिला. आता उरले होते ते फक्त पुण्याच्या सत्र न्यायालयाने वॉरंट काढून तारीख देणे. येरवडा कारागृहातून त्यासाठी पत्रे जात राहिली आणि वॉरंट निघाले एप्रिल 2019 मध्ये, 24 जून ही तारीख घेऊन. एका तारखेसाठी जवळजवळ दोन वर्षे! मुंबई उच्च न्यायालयाने त्या जुलैमध्ये या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नाही म्हणून फाशी रद्द करून 35 वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील फेटाळून तो निकाल उचलून धरला. त्या निकालावर समाजमाध्यमांत न्यायाधीशांना शिव्या घालणाऱ्यांनी या तारखा एकदा एका कागदावर उतरवून बघाव्यात. दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब हा स्वतंत्र छळ ठरतो आणि त्या कारणाने फाशी सौम्य करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात जानेवारी 2014 मध्येच सांगून ठेवले होते. पुण्याचा अर्ज त्यानंतर दीड वर्षाने दाखल झाला. धोका माहीत नव्हता, असे म्हणायला शासनाला जागाच नव्हती.

कोल्हापूरच्या दोन बहिणींचे प्रकरण याहून जुने. लहान मुलांची अपहरणे आणि हत्या असा तो गुन्हा, त्यामुळे त्या दोघींबद्दल कोणाच्या मनात दया असण्याचे कारण नाही. माझ्याही मनात नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फाशी कायम झाली, 2014 मध्ये राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळला, आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा जन्मठेपेवर आणली. दयेच्या अर्जांचा निकाल लागायला 7 वर्षे, 10 महिने आणि 15 दिवस लागले, असा हिशेब न्यायालयाने मांडला. ईमेल आणि फॅक्सच्या जमान्यात, पुणे, मुंबई आणि दिल्ली या तीन शहरांमधल्या फायलीसाठी!

आणि राजभवनाला घाई करता येत नाही असे मुळीच नाही. 11 मार्च 1960 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खुनाच्या खटल्यात नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांना जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी तेव्हाच्या मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सर्वोच्च न्यायालयात अपील होईपर्यंत शिक्षा स्थगित ठेवण्याचा आदेश काढला. ती फाशी नव्हती, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्यावर राज्यपालांची ही स्थगिती टिकणार नाही, असे घटनापीठाने पुढे सप्टेंबरमध्ये बहुमताने ठरवले. तो आदेश मलाही पक्षपाती वाटतो. पण तो आदेश होता. त्यावर सही होती, म्हणून त्याला न्यायालयात आव्हान देता आले आणि राज्यपालांची चूक चारचौघांत दाखवता आली. आठ वर्षे पडून राहिलेल्या फायलीवर बोट ठेवायचे झाले तर कोणाच्या नावावर ठेवणार?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 ने या गोष्टीला शिस्त लावल्याचे सांगितले जाते. कैद्याने 30 दिवसांत राज्यपालांकडे अर्ज करायचा, तो फेटाळला तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे जायचे. राज्याचा अभिप्राय मिळाल्यावर केंद्राने 60 दिवसांत शिफारस करायची आणि निर्णय झाला की 48 तासांत तो कळवायचा. राज्यपालांनी निर्णय किती दिवसांत घ्यायचा, याविषयी मात्र कलमात अवाक्षर नाही. कोठडीतल्या माणसाच्या हातात घड्याळ बांधले आणि मंत्रालयाच्या भिंतीवरचे तसेच बंद ठेवले, असा हा प्रकार आहे.

2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना गृह किंवा कारागृह विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उभारायला सांगितले आहे. त्या कक्षात एक साधी नोंदवही असावी, एवढीच माझी मागणी आहे: फाईल कोणत्या तारखेला कोणाकडे आली, कोणत्या तारखेला पुढे गेली आणि मधले दिवस कशासाठी लागले. राज्यपालांना एखादी फाशी खरोखरच थांबवायची असेल, तर त्याच वहीत त्यांच्या आदेशाचा क्रमांक आणि कारण लिहिता येईल.