कट्ट्यावर खणलेले चर

धाकट्याला नव्या घरात जमिनीतली उष्णता ओढून घर उबदार ठेवणारा हीट पंप बसवायचा होता, आणि त्यासाठी जमिनीत पुरायची नळी, म्हणजे ग्राउंड लूप, बोअरमध्ये उभी सोडायची की चरात आडवी, हा प्रश्न होता. त्याने घराचा नकाशा कट्ट्यावर पसरला, तेव्हाच वकिलांनी निकाल देऊन टाकला होता. "ग्राउंड लूप उभाच घ्यायचा. जितके खोल जाल तितकी जमीन तापलेली असते, 100 मीटरवर तर भट्टीच पेटलेली असणार," असे ते ज्या ठामपणे म्हणाले, त्या ठामपणाने त्यांनी एखादा तरी खटला जिंकला असता, तर रोज संध्याकाळी ते आम्हांला सापडले नसते.

अण्णांची हयात बोअर मारण्यात गेली आहे. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "वकीलसाहेब, पृथ्वीच्या पोटातली उष्णता साधारणपणे किलोमीटरला 25 ते 30 अंश या हिशेबाने चढते, म्हणजे 100 मीटरवर तुम्हांला जेमतेम तीन अंश जास्त मिळतील. आपण खाली जातो ते आच शोधायला नव्हे, ऋतू चुकवायला." दहा-पंधरा मीटरखाली हिवाळा पोहोचतच नाही, तिथली जमीन वर्षभर त्या जागेच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते आणि हीट पंपाला तेवढे स्थैर्य पुरते. दीड-दोन मीटर खोल आडव्या चरातली उष्णता तर मुख्यतः उन्हापावसाचीच असते. अशा पंपांच्या ‘भूऔष्णिक’ या नावानेच सगळा घोटाळा केला आहे, असे माझे जुने मत आहे.

वकिलांनी बाजू बदलायला वेळ लावला नाही. "मग आडवाच टाका, आणि वरून फरशी घालून गाडी लावायची सोय करा."

"म्हणजे ज्याच्या जिवावर नळी उष्णता घेणार, तेच ऊन आणि तोच पाऊस तुम्ही दारात अडवणार," अण्णा म्हणाले. "अशिलाचा साक्षीदार घरी कोंडून तारखेला जाण्याची तुमची सवय अजून गेलेली दिसत नाही." त्या जुन्या खटल्याचा विषय निघाला की वकील खोकतात, तसे ते खोकले.

धाकट्याला मात्र उत्तर हवे होते: उभा, आडवा की वेटोळ्यांचा? अण्णांनी उलट विचारले, "कडाक्याच्या थंडीत तुझ्या घरातून उष्णता किती गळते, ते मोजलेस का?" मोजले होते, आठ किलोवॉट. मग मास्तरांनी नकाशाच्या पाठीवरच गणित मांडले. पंपाने एक किलोवॉट वीज खाऊन चार किलोवॉट उष्णता दिली, तर आठांपैकी दोन विजेचे आणि सहा जमिनीकडून घ्यायचे. बोअरच्या दर मीटरमागे 50 वॉट धरले, तर 120 मीटर खोदाई लागेल. ती एका बोअरमध्ये करावी, किंवा 60 मीटरचे दोन बोअर सहाएक मीटर अंतर राखून घ्यावेत, नाहीतर ते एकमेकांच्या ताटातले ओढू लागतात. आडव्या लूपला चौरस मीटरमागे 20 वॉट धरले, तर 300 चौरस मीटर मोकळी जमीन हवी. वेटोळी घातल्याने चराची लांबी वाचते, पण शेजारची वेटोळी एकाच मातीवर हात मारतात, म्हणून नळी जास्त लागते.

"हे 50 आणि 20 तुम्ही कुठून आणले?" वकिलांनी विचारले. त्यांच्यावर मी एरवी अन्याय करतो हे मला मान्य आहे, पण त्या संध्याकाळचा हा प्रश्न रास्त होता, आणि अण्णांनीही तो मानला. कोरड्या वाळूत हे आकडे निम्म्यावर येतात, पाण्याने भरलेल्या वाळूत किंवा सलग खडकात वर चढतात. शिवाय पंप वर्षाला किती तास चालणार, यावरही ते हलतात. धाकट्याने पिशवीतून मातीचे ढेकूळ आणले होते. अण्णांनी ते मुठीत दाबले, तेव्हा ते न फुटता बोटांचे ठसे घेऊन बसले. "ओलसर चिकणमाती आहे, चांगली आहे. पण किती खालची?" धाकटा म्हणाला, वीतभर. "मग ही कुंडीची माती झाली. नळी जिथे झोपणार आहे तिथली आण."

विहिरीचे पाणी थेट पंपातून फिरवण्याची मास्तरांची सूचना क्षार, लोह आणि वापरलेले पाणी सोडायचे कुठे, या तीन शब्दांत निकालात निघाली. बोअरच्या भरावावर मात्र अण्णा रेंगाळले. नळी आणि खडक यांच्यामधली फट बेन्टोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या गाऱ्याने तळापासून वर भरत आणली नाही, तर मध्ये हवा राहते. हवेतून उष्णता सहज सरकत नाही आणि त्याच फटीतून वरचे घाण पाणी खालच्या झऱ्यात उतरते.

"आणि चर बुजवण्याआधी नळीत दाब भरून ठेवायचा," अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना एकाच वेळी वकिलांकडे वळल्या. त्यांनी एकदा सांडपाण्याची नळी दगडगोट्यांसकट पुरून टाकली आणि मग पाणी सोडून पाहिले होते. गळका सांधा शोधायला आम्ही चौघे तीन रात्री खणत होतो आणि सांधा तर राहोच, नळीसुद्धा सापडली नव्हती.

"नळी सापडली नाही, यावरून ती तिथे नव्हती असे सिद्ध होत नाही," वकील गंभीरपणे म्हणाले.

मास्तरांना ठसका लागला. अण्णा हसत हसत म्हणाले, "धाकट्या, चर उघडा असतानाच फोटो काढ, मापे लिहून ठेव, आणि ती वही यांच्या हाती देऊ नकोस." यावर वकीलही हसले. कोणता लूप घ्यायचा हे त्या दिवशी ठरले नाही. धाकट्याने नकाशा गुंडाळला, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात फक्त ‘दोन मीटर खड्डा, माती’ एवढेच लिहिलेले होते.