‘इंटरनेट वापरलं की कडकड येते’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. आपण दोन तारे देऊन लिहिलंय, की आमच्याकडून घेतलेल्या रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरवर ईमेल, बँकेची कामं आणि व्हिडिओ सुरू केल्यापासून टेकमध्ये (रेकॉर्ड केलेल्या आवाजात) कडकड येते. रात्री रेकॉर्डिंग चालू असताना मशीन अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट झालं. आणि विचारल्यावर आमच्याकडून ‘यावर इंटरनेट वापरूच नका’ एवढंच सांगितलं गेलं.

ते सांगणं चुकीचं होतं, त्याबद्दल मनापासून माफी. हल्ली प्लगइनचं (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा प्रोग्रामचं) लायसन्स सुरू करायलाही इंटरनेट लागतं. आयलॉक क्लाउड (लायसन्स इंटरनेटवरून तपासणारी सेवा) वापरत असाल तर सेशन संपेपर्यंत जोडणी चालू ठेवावी लागते. हे मशीन दोन्ही कामांना चालतं, फक्त ब्राउझर मिटल्यावरही मागे काय चालू राहतं ते आवरावं लागतं.

आधी कडकडीचं. 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापं, म्हणजे सॅम्पल) बफर, म्हणजे एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पलचा ठेवला, तर प्रत्येक तुकडा 2.67 मिलिसेकंदांत तयार व्हावा लागतो. वाय-फायच्या ड्रायव्हरने (ते चालवणाऱ्या प्रोग्रामने) मध्येच 3 मिलिसेकंद प्रोसेसर अडवला, की तो तुकडा हुकतो आणि ‘टक्’ ऐकू येतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 20 टक्केच दिसतो, कारण ती सरासरी असते. 3 मिलिसेकंदांची अडवणूक तिच्यात दिसतच नाही. म्हणून अशी अडवणूक मोजणारं लेटन्सीमॉन हे मोफत साधन 10 मिनिटं चालवा, एकदा वाय-फाय चालू ठेवून आणि एकदा डिव्हाइस मॅनेजरमधून अ‍ॅडॉप्टर ‘डिसेबल’ करून. दोन्हींत फरक पडला तर चोर सापडला. नुसता एअरप्लेन मोड पुरेसा नाही, त्यात ड्रायव्हर जागाच राहतो. कायमचा इलाज म्हणून नेटवर्कची केबल लावा. रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय अ‍ॅडॉप्टर बंदच ठेवा. बफर 1024 केलात तर कडकड थांबेलही, पण तुकडा 21 मिलिसेकंदांचा होतो. मिक्सिंगला ते चालेल, पण हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत गाणाऱ्याला नाही.

व्हिडिओचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून (माइक आणि हेडफोन जोडायच्या डब्यातून) काढू नका. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डीफॉल्ट आउटपुट मदरबोर्डचं ठेवा आणि तिथे साधे स्पीकर जोडा. इंटरफेस फक्त रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला एएसआयओमधून (विंडोजचा मिक्सर टाळून इंटरफेसशी थेट बोलणाऱ्या ड्रायव्हरमधून) मिळू द्या. सेशन 44.1 किलोहर्ट्झवर आणि विंडोज 48 वर असलं, की काही इंटरफेस दोन्हींपैकी एकाचा आवाजच बंद करतात.

क्रोम आणि एज दोन्हींत, ब्राउझर मिटल्यावरही अ‍ॅप मागे चालू ठेवण्याची सेटिंग ‘सिस्टीम’ या भागात असते. ती बंद करा. एजमध्ये ‘स्टार्टअप बूस्ट’सुद्धा.

आपल्या स्क्रीनशॉटमध्ये सेशनचा फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये दिसतोय आणि त्यावर वनड्राइव्हची (फाइल इंटरनेटवर चढवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेची) खूण आहे. आमच्या मते टेकच्या वेळी डिस्क आणि नेटवर्कवर सर्वांत मोठा भार याचाच आहे. 24 बिट, 48 किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी लिहितो, 16 ट्रॅक धरले तर जवळपास 138 एमबी. फाइल वाढत असतानाच ती वर चढवण्याची धडपड सुरू होते. सेशन दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, बॅकअप काम संपल्यावर घ्या.

अँटिव्हायरस मात्र काढू नका, विशेषतः बँकेची कामं याच मशीनवर होत असतील तर. विंडोजचा डिफेंडर पुरतो. त्यात फक्त सेशन आणि सॅम्पल लायब्ररीचे (वाद्यांच्या तयार आवाजांच्या साठ्याचे) फोल्डर वगळा. डाउनलोड्सचा फोल्डर कधीही वगळू नका.

रीस्टार्टचं कारण ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’, म्हणजे विंडोजमध्ये ठरवलेली आपल्या कामाची वेळ. त्या वेळेबाहेर विंडोज स्वतःहून रीस्टार्ट करू शकतं. ही मुदत जास्तीत जास्त 18 तासांची ठेवता येते. आपण रात्री काम करता, तर ती दुपारी 12 ते सकाळी 6 अशी लावा. मोठ्या रेकॉर्डिंगच्या आठवड्यात अपडेट थांबवून ठेवा, पण नंतर ते घ्याच.

घरातले इतरही मशीन वापरत असतील तर इंटरनेटसाठी वेगळं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं करा. रेकॉर्डिंगआधी त्यातून ‘साइन आउट’ करा. ‘स्विच यूजर’ केलं तर त्या खात्यातले प्रोग्राम चालूच राहतात.

एवढं करूनही ‘टक्’ आलं, तर लेटन्सीमॉनच्या ‘ड्रायव्हर्स’ टॅबचा स्क्रीनशॉट पाठवा. दोष नेटवर्क कार्डाचा निघाला तर ते आमच्या खर्चाने बदलून देऊ.